सरांच्या स्थिरचित्रांचं सिंहावलोकनी प्रदर्शन: माझा अनुभव

आमच्या सरांच्या सिंहावलोकनी, म्हणजे आयुष्यभराच्या कामाच्या, प्रदर्शनाचं काम अंगावर घेतलं तेव्हा पहिला प्रश्न होता, चित्रं आहेत कुठे? कोल्हापूरचा चित्रकार म्हटलं की लोकांना व्यक्तिचित्र नाहीतर आबालाल रहिमानांसारखं निसर्गचित्र आठवतं. स्थिरचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र, हे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरतं, हा समज अजून गेलेला नाही. सरांनी मात्र जन्मभर तेच रंगवलं. गुळाची ढेप, वाळत घातलेल्या मिरच्या, पितळेचा हंडा. चित्रं विकली कमी, देऊन टाकली जास्त. नोंद कुठेच नव्हती, पण काकूंना सगळं तोंडपाठ. "अगं, मिरच्यांचं चित्र शाहूपुरीतल्या मावशींच्या लेकीला आहेरात दिलं," असं सांगत त्यांनीच यादी पुरी केली.

चित्रं मिळवताना माणसं सांभाळावी लागतात. एका घरी भिंत ओकीबोकी दिसेल म्हणून आजी तयार होईनात. त्याच मापाचं प्रिंट फ्रेम करून आधी तिथे लावलं, मग चित्र उतरवलं. प्रत्येक चित्राची पावती दोन प्रतींत, पुढून-मागून फोटो, आणि कुठे रंग तडकलाय, कुठे कॅनव्हास सैल झालाय त्याची नोंद. हे मालकासमोरच करावं.

माळ्यावर राहिलेल्या तैलचित्रांतले पांढरे रंग पिवळट झाले होते. पुसून घ्या, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तैलरंगातलं जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात ठेवलं की बराचसा पिवळेपणा उतरतो. म्हणून ती चित्रं थेट ऊन न लागणाऱ्या उजेडाच्या खोलीत आठवडा-दोन आठवडे नव्हे, चांगले काही महिने ठेवली. एनॅमलच्या ताटलीचा पांढरा हळूहळू वर आला. बुरशी लागलेल्यांना आम्ही हात लावला नाही, ती जतनतज्ज्ञांकडे दिली. बांधताना बबल रॅप थेट रंगावर येऊ दिला नाही, फुग्यांचे ठसे उमटतात. आधी ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद, मग बाकीचं.

मांडणीवरून बराच वाद झाला. सगळ्यांना सालवार मांडणी हवी होती. हंड्याची सगळी चित्रं एकाच भिंतीवर हवीत, असा मी हट्ट धरला. सुरुवातीच्या हंड्यावर प्रत्येक पोचा दिसतो, त्यात उमटलेले खिडकीचे गजसुद्धा मोजता येतात. शेवटच्या चित्रात पोटावरची चमक म्हणजे जाड रंगाचा एकच फटकारा, खालची कड काळ्या कापडात विरून गेलेली. तरी पितळ पितळच वाटतं! सरांना "विषय बदला" म्हणणाऱ्यांनी ही भिंत पाहायलाच हवी होती.

जलरंगांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश जाऊ दिला नाही, तैलरंगांना २००पर्यंत चालतो. व्हार्निशवर दिवे चकाकत होते, ते तिरके करून घेतले. लहान-मोठ्या सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास, एका रेषेत ठेवला.

प्रदर्शन पाहून गेलेल्यांपैकी काही जण नंतर घरी आले. "आमच्याकडेपण सरांचं एक आहे." त्यांची चित्रं पाहून, नोंदवून झाली आहेत. कॅटलॉग आता ती धरूनच छापणार.