पंचवीस ठोके आणि विद्यापीठाचा अर्ज

‘आधी शिकून घे, नोकरी काय आयुष्यभर करायचीच आहे.’ आणि त्याच घरात, त्याच आठवड्यात, ‘हातात आलेली नोकरी सोडू नये.’ कॉलेजचं शेवटचं वर्ष संपत आलं की ही दोन्ही वाक्यं कानावर पडायला लागतात, आणि सांगणारी माणसं दोन्हीकडची आपल्या भल्याचीच असतात. माझा मावसभाऊ सध्या या दोन वाक्यांच्या मधोमध उभा आहे. भूशास्त्रात बी.एस्सी. होतोय. विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय, आणि माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचं ‘रुजू व्हा’ असं पत्रही आलंय. ‘ताई, तू दोन्ही केलंयस, तूच सांग,’ असा त्याचा निरोप आला. फोनवर तुकड्यातुकड्यांनी बोलण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

एक गोष्ट पटकन बाजूला काढते. डॉक्टर, वकील, वास्तुरचनाकार अशा कामांना पदवीशिवाय परवानाच मिळत नाही. तिथे चर्चेला जागा नाही, शिकावंच लागतं. संशोधनात जायचं पक्कं असेल तरी तेच. बाकीच्या असंख्य कामांत मात्र पदवी उपयोगी असते, पण सक्तीची नसते, आणि घोळ तिथेच होतो.

अर्थशास्त्रज्ञांनी यावर बराच विचार केलाय. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलं की शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक आहे, तिनं कौशल्य वाढतं आणि म्हणून पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळाच धागा पकडला. पदवीनं कौशल्य वाढो न वाढो, ती पुरी करून दाखवणं हीच मालकाला मिळालेली खूण असते की हा माणूस चिकाटीचा आणि हुशार आहे. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, बेकरना १९९२ मध्ये आणि स्पेन्सना २००१ मध्ये इतर दोघांबरोबर. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, पण प्रत्येक अभ्यासक्रमात या दोन गोष्टींचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारायचं: इथून मी काही शिकून बाहेर पडणार आहे, की कागद घेऊन बाहेर पडणार आहे? कागदही वाईट नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत हवं. ते कळायला सोपा मार्ग म्हणजे, ज्या जागेवर पाच वर्षांनी आपल्याला बसायचंय त्या जागेवर आज बसलेल्या दोनतीन माणसांना गाठून विचारणं की तुमच्या रोजच्या कामात त्या अभ्यासक्रमातलं नेमकं काय लागतं. ज्यांना चटकन दोन गोष्टी सांगता येतात, त्यांना अभ्यासक्रमाचा उपयोग झालेला असतो.

आता हिशेब. तो टाळू नये, कारण घरी कोणीतरी तो मनात करतच असतं. सुरुवातीचा वर्षाचा पगार १०० धरू. विद्यापीठाची फी वर्षाला ४०, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. म्हणजे ८० फी आणि न मिळालेला २०० पगार, एकूण २८०. जेवणखाण, राहणं दोन्हीकडे लागतंच, ते सोडून देऊ. पदव्युत्तर झाल्यावर पगार १४० मिळाला, तर फरक वर्षाला ४० आणि सात वर्षांत वसुली, असं बहुतेक जण मांडतात. पण जो कामाला लागला त्याचा पगार त्या दोन वर्षांत १०० वरच थांबत नाही. अनुभवानं तो ११५ झाला, तर खरा फरक २५ उरतो आणि वसुलीला अकरा वर्षांहून जास्त लागतात. शैक्षणिक कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. आपापले आकडे घालून प्रत्येकानं ही मांडणी करावी, आणि न मिळालेल्या पगाराची ओळ अजिबात विसरू नये. फीचा आकडा पावतीवर छापलेला असतो म्हणून दिसतो. हा आकडा कुठेच छापलेला नसतो.

तरीही नुसत्या हिशेबावर मी ठरवलं नसतं, आणि त्यानंही ठरवू नये. त्यामागे माझा एक अनुभव आहे, तो जरा सविस्तर सांगते.

मीही आधी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच कामाला लागले. इमारतीच्या पायासाठी जमिनीत भोकं पाडून आणलेले नमुने आमच्याकडे यायचे. त्यातली एक चाचणी लिक्विड लिमिटची. म्हणजे किती पाणी मिसळलं की माती आकार धरून राहायचं सोडून वाहायला लागते, ते काढायचं. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती पाण्यात कालवायची, पितळी वाटीत थापायची, खाचणीनं मधोमध एक चर पाडायचा. मग हँडल फिरवायचं. दर फेऱ्याला वाटी १० मिलिमीटर वर उचलली जाते आणि खालच्या पट्टीवर आपटते, सेकंदाला दोनदा. चराच्या दोन्ही कडा तळाशी साधारण १३ मिलिमीटर लांबीत एकमेकींना चिकटेपर्यंत ठोके मोजायचे. पाणी कमीजास्त करून तेच पुन्हा. प्रत्येक वेळचा नमुना १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून पाण्याचं प्रमाण काढायचं, आलेखावर बिंदू टाकायचे, आणि २५ ठोक्यांवर रेघ मारून उत्तर वाचायचं.

आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ, त्यांना सगळे काका म्हणायचे, कालवलेली माती बोटांत मळून सांगायचे, ‘ही तीस ठोक्यांच्या आसपास मिटेल बघ.’ आणि ती मिटायची. मी त्यांना एकदा विचारलं, ‘काका, पंचवीसच का? वीस का नाही?’ ते म्हणाले, ‘मानकात लिहिलंय. तू मोजायला चुकू नकोस म्हणजे झालं.’ त्यांच्याकडून मी जे शिकले ते कुठल्याही वर्गात शिकले नसते. नमुन्याच्या पिशवीवरची चिठ्ठी ओली झाली तर त्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही. एका नमुन्याचा आकडा बाकीच्यांशी जुळत नसेल तर आधी चाचणी परत करायची, मग मातीला वेगळी म्हणायचं. अहवालावर सही करणारा माणूस त्या आकड्यावर उभ्या राहणाऱ्या भिंतींना जबाबदार असतो. पण ‘पंचवीसच का’ हे तिथे कोणालाच सांगता येईना, आणि मला ते सोडवेना.

काही वर्षांनी मी विद्यापीठात अभियांत्रिकी भूशास्त्राच्या वर्गात बसले. सरांनी फळ्यावर तीच वाटी काढली. म्हणाले, चराच्या दोन कडा म्हणजे दोन छोटे उतार आहेत आणि प्रत्येक ठोका म्हणजे त्या उतारांना दिलेला धक्का. या वाटीत तुम्ही एक चिमुकली दरड कोसळवताय. घसरण्याला मातीचा जो विरोध असतो, तो लिक्विड लिमिटला बहुतेक चिकणमातींत साधारण सारखाच असतो, दोन किलोपास्कलच्या आसपास. स्वीडनच्या अल्बर्ट ॲटरबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चाचणी हातात भांडं आपटून केली होती. माणसागणिक उत्तर बदलू नये म्हणून आर्थर कासाग्रांदे यांनी १९३२ मध्ये तिला हँडल, ठराविक उंची आणि ठरावीक ठोके दिले. वर्गातली बाकीची मुलं हे वहीत उतरवत होती. माझ्या मात्र मनगटात ते हँडल फिरत होतं. इतक्या नमुन्यांच्या चरांकडे मी डोळे लावून बसले होते, आणि ती दरड होती हे मला त्या दिवशी कळलं. वर्ग सुटल्यावर मी सरांना गाठून आणखी तासभर प्रश्न विचारले. ते प्रश्न प्रयोगशाळेत साठले नसते, तर माझ्याकडे विचारण्यासारखं काही नव्हतं.

मला एवढंच सांगायचंय की काम करून विद्यापीठात गेलेला माणूस प्रश्न घेऊन जातो, आणि तिथे प्रश्न घेऊन आलेल्याला जास्त मिळतं.

पण याची दुसरी बाजूही मी त्याच वर्गात पाहिली. मातीवर भार आला की तिच्यातलं पाणी हळूहळू निघून जातं आणि जमीन खचते. किती काळात किती खचेल, याचं समीकरण कार्ल टरझागी यांनी १९२० च्या दशकात मांडलं. त्याची चाचणीही मी हातानं केली होती. भार ठेवायचा आणि डायलवर पंधरा सेकंद, तीस सेकंद, एक मिनिट, दोन, चार असे आकडे टिपत जायचं, दुसऱ्या दिवशी भार दुप्पट. पण ते समीकरण सोडवायला जे गणित लागतं, ते माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. कॉलेजमधून थेट आलेली मुलं ते चार ओळींत सोडवायची. मला पहिलं सत्र सगळं जुनं गणित परत उभं करण्यात घालवावं लागलं. ज्याचा विषय मुळातच गणिताचा, त्यानं मध्ये खंड पाडू नये असं माझं ठाम मत आहे. माझी एक मैत्रीण गणितात होती. ती थेट विद्यापीठात गेली आणि तिच्यासाठी तेच योग्य होतं. तिचं सगळं साहित्य डोक्यातच होतं आणि ते तापलेलं ठेवणं गरजेचं होतं.

‘मोठमोठी माणसं कुठे विद्यापीठात गेली होती?’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांचं आवडतं नाव मायकेल फॅरडे. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणं स्वतः बांधून त्यांना पाठवली आणि १८१३ मध्ये त्यांच्या हाताखाली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कामाला लागला. सगळं खरं आहे, आणि मलाही तो माणूस अतिशय प्रिय आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. फॅरडेला उच्च गणित येत नव्हतं. चुंबकाभोवतीच्या ज्या रेषा त्याला डोळ्यांसमोर दिसायच्या, त्यांना समीकरणांत बसवलं ते एडिंबरा आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं, १८५० च्या दशकापासून पुढे. हाताला कळलेलं आणि कागदावर मांडता आलेलं, दोन्ही लागलं. सुदैवानं आपल्याला त्यासाठी दोन माणसांची गरज नाही. दोन्ही एकाच आयुष्यात करता येतं, फक्त क्रम ठरवायचा असतो.

आणि क्रम ठरवताना ‘नोकरी आधी, शिक्षण नंतर’ म्हणणाऱ्यांनी एक धोका ओळखून ठेवावा. वर दिलेला हिशेब दर वर्षी बदलतो. आज विद्यापीठासाठी १०० पगार सोडावा लागतो, तीन वर्षांनी १२५ किंवा १३० सोडावा लागेल. घरचं कोणीतरी तोवर त्या पगारावर अवलंबून झालेलं असेल. म्हणजे ‘नंतर’ हे दर वर्षी महाग होत जातं. माझे बाबा म्हणायचे, ‘एकदा पहिल्या तारखेची सवय लागली की माणूस परत वहीकडे वळत नाही.’ त्यांच्या मित्रांमध्ये त्यांनी ते पाहिलं होतं. म्हणून मी रुजू होतानाच परत जायचं वर्ष ठरवून घरी सांगून टाकलं होतं, आणि पगार जमा झाला की त्यातला ठरावीक भाग आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सोय केली होती. त्या पैशाला मी हात लावला नाही.

नोकरी करत दूरशिक्षण हाही मार्ग आहेच. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं, १९७१ पासून तिथे नोकरदार माणसं घरबसल्या शिकू लागली, आणि नंतर जगभर अशी मुक्त विद्यापीठं निघाली. वाचून शिकण्याचे विषय असतील तर जरूर विचार करावा. आमच्यासारख्या, प्रयोगशाळा आणि डोंगर लागणाऱ्या विषयांना ते अपुरं पडतं.

कॉलेज सोडण्याआधी करायची कामं मात्र कोणताही रस्ता घेतला तरी सारखीच. ज्या प्राध्यापकांनी आपलं काम जवळून पाहिलंय, त्यांच्याकडून शिफारसपत्र आत्ताच मागून घ्यावं. तीन वर्षांनी त्यांना आपला चेहरा आठवेल, प्रकल्प आठवेलच असं नाही. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ गणिताला द्यावी. हे मी केलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणणाऱ्या बऱ्याच मित्रमैत्रिणी मला पुढे भेटल्या.

नोकरीत पगारापेक्षा मी एक गोष्ट जास्त बघेन, आपण कोणाच्या हाताखाली असणार आहोत. रुजू व्हायच्या आधी तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञाला भेटायला मिळेल का, असं सरळ विचार. काकांसारखा माणूस असेल तर तिथली दोन वर्षं वाया जात नाहीत. सहा महिने झाले तरी एकच चाचणी करायला लावत असतील आणि का विचारलं की वैतागत असतील, तर ती जागा शिकण्याची नाही, मग पगार कितीही असो.

तर माझ्या भावा, तुझ्याबाबतीत मला असं वाटतं. तुझा विषय हातानं शिकण्याचा आहे, तू बारावीपासून डोंगरातले दगड गोळा करत आलायस, आणि पुढे नेमकं काय शिकायचंय या प्रश्नावर मागच्या महिन्यात तू मला तीन वेगळी उत्तरं दिलीस. तुला प्रश्न सापडायचे आहेत, ते प्रयोगशाळेत सापडतील. पण मिळालेला प्रवेश असाच सोडू नकोस. बरीच विद्यापीठं प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतात, काही देत नाहीत, आणि नियम विभागागणिक वेगळे असतात. म्हणून आज विभागाला रीतसर ईमेल लिही: प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल का, त्यासाठी काही रक्कम भरावी लागेल का, आणि उत्तर लेखी द्यावं. त्यांनी हो म्हटलं तर प्रयोगशाळेत रुजू हो आणि परत जायचं वर्ष मावशीला आजच सांगून ठेव. नाही म्हटलं तर आधी त्या जुन्या तंत्रज्ञाला भेटून ये आणि मग मला फोन कर, रात्री कितीही वाजता.