६९९ रुपयांचे हातमोजे

उजव्या हातमोज्याची टीप सिंहगडावर उसवली. आतकरवाडीहून चढायला लागून अर्धा तासही झाला नव्हता. काठीचा पट्टा मनगटात अडकवला, मूठ आवळली आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात तट-तट आवाज आला. बघते तर करंगळी जाईल एवढं भोक. हातमोजे घरी येऊन दहा दिवस झाले होते आणि घातले होते ते पहिल्यांदाच.

डिसेंबरअखेर केदारकांठ्याला जायचं ठरलं होतं. उत्तराखंडातलं साधारण १२,५०० फुटांचं शिखर, माझं वय ४५, आणि हिमालय आयुष्यात पहिलाच. बूट, जाकीट, थर्मल सगळं दोन शनिवारांत झालं. ट्रेकवाल्यांच्या यादीत हातमोजे मात्र तीन जोड होते: आतून घालायचे पातळ ताणणारे, त्यावर फ्लीसचे (लोकरीसारख्या मऊ, उबदार कापडाचे), आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारे. पातळ जोड मी ऑनलाइन मागवला. पॉलिएस्टर आणि स्पॅन्डेक्सचं कापड, बोटांच्या टोकांना मोबाइल चालावा म्हणून वेगळा धागा, किंमत ६९९. पाकिटात एक कार्ड होतं: शिवणीतल्या दोषासाठी सहा महिन्यांची हमी. ते कार्ड नसतं तर मी गुपचूप दुसरा जोड घेतला असता आणि हे लिहायची वेळ आली नसती.

गडावरून उतरल्यावर संध्याकाळीच कंपनीच्या संकेतस्थळावर हमी मागायला बसले. आधी तिथे सांगितलं, बदलून घ्यायची सात दिवसांची मुदत संपली. बरोबर आहे, पण मला बदलून नको होतं, हमी हवी होती. हमीचा फॉर्म सापडला तो तिसऱ्या दिवशी, पानाच्या अगदी तळाशी. त्यात फोटो हवे: उसवलेल्या जागेचा, लेबलचा, आणि मूळ पाकिटावरच्या बारकोडचा. पाकीट आमच्याकडे ओल्या-सुक्या कचऱ्यातून केव्हाच गेलेलं. (पहिली सूचना इथेच देऊन टाकते: पाकीट आणि लेबल हमी संपेपर्यंत ठेवा. हातमोज्याच्या आत शिवलेलं लेबल टोचतं म्हणून कापू नका, मी कापणारच होते.) शेवटी बिल जोडलं. फोटो मोठा आहे म्हणून फॉर्मने नाकारला. लहान करून टाकला, तर फोटो अस्पष्ट आहे म्हणून नाकारला.

मग चॅटवरचा तो यंत्रमानव. त्याला ‘शिवण उसवली’ म्हटलं की तो विचारतो, ‘आपल्याला साईज बदलायची आहे का?’ नाही म्हटलं की परत पहिल्यापासून. चौथ्या दिवशी एका खऱ्या मुलीचा फोन आला, नेमका दुपारी दोन वाजता, मी बँकेत काउंटरवर असताना. उचलता आला नाही. संध्याकाळी मेसेज: ग्राहकाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. मी त्या मोबाइलकडे बघत अक्षरशः दातओठ खाल्ले.

दुसऱ्यांदा तक्रार नोंदवली. या वेळी उत्तर आलं, ‘मॅडम, ही वापरामुळे झालेली झीज आहे, हमीत बसत नाही.’ झीज! एकदा घातलेल्या हातमोज्याची!

आमच्या गल्लीत एक शिलाईवाले काका आहेत. फॉल-पिको, चेन बदलणं, पँट आखूड करणं अशी कामं करतात. त्यांच्याकडे हातमोजा नेला. त्यांनी तो उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘ताई, कापड कुठे फाटलंय? कापडाला काही झालेलं नाही. दोरा तुटलाय. ताणणाऱ्या कापडाला सरळ टीप मारली की असंच होणार. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. इथे नागमोडी टीप पाहिजे, नाहीतर ओव्हरलॉक.’ बाकीच्या बोटांना ओव्हरलॉक होतं, म्हणजे कड गुंडाळून घेणारी, कापडाबरोबर ताणणारी टीप, फक्त बेचक्यात सरळ टीप. मला हवं ते वाक्य मिळालं. झीज झाली की कापड विरतं, गोळे येतात, तळवा पातळ होतो. इथे कापड नवंकोरं होतं आणि दोरा तुटला होता. हे शिवणीतलं नाही तर कशातलं?

‘वीस रुपयांत करून देऊ का?’ काकांनी विचारलं. मी नको म्हणाले. दुरुस्त केलं तर पुरावा जाईल. मुलगी म्हणाली, ‘आई, तू सातशे रुपयांसाठी किती तास घालवलेस?’ प्रश्न सातशेचा राहिलेला नाही, हे तिला समजावत बसले नाही.

उलट्या केलेल्या हातमोज्याचे, दोऱ्याची टोकं दिसतील असे जवळून फोटो काढले आणि काकांचं म्हणणं माझ्या भाषेत लिहून सरळ तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. हे मला आधी माहीत नव्हतं: ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी २०२० सालचे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायलाच हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि महिन्याभरात निकाल लावायला हवा. ४८ तास झाले, चार दिवस झाले, पोच नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. मराठीत बोलता आलं. बिलाचा क्रमांक, तारखा, आधीच्या दोन तक्रारींचे क्रमांक आणि न आलेली पोच एवढंच विचारलं, मी चिडलेय का ते कोणी विचारलं नाही. हे सगळे क्रमांक आधीच एका कागदावर लिहून ठेवा, फोनवर शोधत बसलात की आपलाच धीर सुटतो.

तीन दिवसांनी कंपनीचा फोन, आवाज एकदम मधाळ. ‘मॅडम, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, बदली जोड पाठवतो. साईज तीच ना?’

आणि इथे मला एक कबुली द्यायला हवी. साईज चुकलेली होती आणि ती माझी चूक होती. ताणणारं कापड म्हणजे बसेलच, असं समजून मी स्मॉल घेतला होता. कपडे शिवायच्या टेपने अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजला, तर मी त्यांच्याच तक्त्यानुसार मीडियममध्ये येत होते. मूठ आवळल्यावर बेचक्यात ओढ बसत होतीच. टीप सरळ होती हेही खरं आणि हातमोजा घट्ट होता हेही खरं. फोनवर मी त्यातलं पहिलंच परत सांगितलं आणि दुसऱ्याबद्दल ‘मीडियम पाठवा’ एवढंच म्हणाले. मीडियममध्ये काळा संपला होता. १९ डिसेंबरला पार्सल आलं, आत पोपटी. लांबून दिसेल असा पोपटी.

घट्टपणाचा संबंध नुसत्या टिकण्याशी नाही, ऊब त्यावरच अवलंबून असते. ऊब देते ती कापडात अडकलेली हवा. कापड जास्त ताणलं की वीण उघडते, हवा धरून ठेवणारी जाडी जाते आणि वारा सरळ आत येतो. वर बोटं आवळली गेली की रक्त कमी पोचतं, थंडीत ते तसंही बोटांतून आधी मागे सरतं. फार सैलही नको, बोटाच्या टोकाला रिकामं कापड राहिलं की बुटाची नाडीही धरता येत नाही. घरी घालून मूठ आवळा, बेचक्यात आणि बोटांच्या सांध्यांवर ओढ बसायला नको. वरचे जाड हातमोजे घेताना हे पातळ घालूनच बघा. मी तसं केलं नव्हतं, माझे फ्लीसचे हातमोजे त्यावर जेमतेम चढले.

खरं सांगायचं तर एकट्या पातळ हातमोज्यांची ऊब पुण्यातल्या पहाटेच्या स्कूटरला पुरते, तीही सावकाश चालवली तर. सांकरीत, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावात, संध्याकाळी चहाचा पेला धरून उभं राहायला ठीक होते. वारा सुटला की नसल्यासारखेच. त्यांचा उपयोग वेगळा आहे. शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघालो तेव्हा वर दोन जोड होते. दर थोड्या वेळाने कोणाची तरी नाडी सुटे, चेन अडके, बाटली उघडत नसे. प्रत्येक वेळी जाड हातमोजे काढावे लागतात आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात उघडी बोटं लाकडासारखी होतात. पातळ जोड हातावर राहिला की ते काम उरकता येतं. आमच्यातल्या एका दादांनी आतला जोड आणलाच नव्हता, त्यांच्या बुटाच्या नाड्या दोन वेळा मीच बांधल्या.

बर्फ मात्र या हातमोज्यांनी उचलू नका. मी वाटेतल्या जुडा-का-तालाब या तळ्यापाशी हौसेने गोळा केला आणि पुढचे दोन तास ओली बोटं काखेत धरून चालले. ओले झाले तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचं, सकाळपर्यंत बरेचसे सुकतात. मोबाइलच्या धाग्याबद्दल: शिखरावर बॅटरीनेच मान टाकली, त्यामुळे तो चालला की नाही कळलंच नाही.

आणखी एक, वेल्क्रोपासून जपा. माझ्या पोपटी तळव्यावरचे गोळे चालण्याने आलेले नाहीत, जाकिटाच्या मनगटपट्टीच्या वेल्क्रोने आलेत. धुताना गार पाणी, सॉफ्टनर नको, इस्त्री तर नकोच, उष्णतेने स्पॅन्डेक्सची ओढ जाते. सांकरीत हातमोजे भाड्यानेही मिळतात, हे तिथे गेल्यावर कळलं. जाड जोड भाड्याने घ्यायला हरकत नाही. आतला मात्र आपला स्वतःचा असावा, दुसऱ्याच्या घामाचा वास नाकाशी येतो.

काळा जोड परत मागितलाच नाही त्यांनी. काकांनी बेचक्यात नागमोडी टीप मारून दिली, तो आता मुलगी वापरते, तिला स्मॉल बसतो. गेल्या आठवड्यात पोपटी जोडाच्या डाव्या बेचक्यातले दोन टाके सुटलेले दिसले. तिथेही सरळच टीप आहे. हमी अजून संपलेली नाही. मी काकांकडे वीस रुपये देऊन आले.