ताम्हिणी, आंबेनळी, पसरणी: आठ गाड्यांची एका दिवसाची घाटफेरी

पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि परत पुणे. साधारण सव्वातीनशे किलोमीटर. सप्टेंबरअखेर, म्हणजे धबधबे अजून वाहताहेत, वर धुकं आहे, आणि रस्त्यावर पावसाळ्याने टाकलेली सगळी घाण अजून तशीच आहे. गाड्या आठ: दोन बुलेट, एक हिमालयन, चार दीडशे-दोनशे सीसीच्या आणि एक अ‍ॅक्टिव्हा. दोन गाड्यांवर मागे माणूस.

ही फेरी उलट्या दिशेनेही करता येते, पण करू नये. आंबेनळी अरुंद आहे, त्यामुळे तो चढावा. पसरणी त्यामानाने रुंद आहे, तो उतरावा. चढताना इंजिनवर ताण येतो, उतरताना ब्रेकवर आणि मनगटांवर. थकलेल्या मनगटांनी संध्याकाळी आंबेनळी उतरण्यात काहीच शहाणपणा नाही.

निघण्यापूर्वी

तपासणी आदल्या दिवशी करा. सकाळी चांदणी चौकात आठ जण जमल्यावर चेन ढिली सापडली की सगळ्यांचा तास जातो. हवा टायर थंड असताना भरायची, चेनगार्डच्या किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. मागे माणूस असेल तर मागच्या चाकाचा वेगळा आकडा तिथेच दिलेला असतो. ‘घाट आहे, ग्रिप हवी’ म्हणून हवा कमी करणारे भेटतात. डांबरावर त्याने ग्रिप वाढत नाही, वळणात गाडी डुलते. चेनचा झोल बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर चालतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदलूनच निघा: ते हवेतला ओलावा शोषतं, उकळबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर लिव्हर मऊ पडतो.

सगळ्या गटात मिळून एक हत्यारांची पिशवी पुरते. ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि पंप, स्पोकच्या गाड्यांसाठी त्याच मापाच्या ट्यूब आणि दोन टायर लिव्हर, प्रत्येक मॉडेलची क्लच केबल, फ्यूज, एक-दोन प्लग, चेनचं लॉक, केबल टाय, एम-सील. ही पिशवी शेवटच्या गाडीवर हवी. पुढच्यावर असेल तर बिघडलेली गाडी मागे आणि हत्यारं दहा किलोमीटर पुढे, असा प्रकार होतो.

पोंचो आणू नका. तो वाऱ्याने फडफडतो आणि चेनमध्ये जातो. पँट-जॅकेटचा रेनसूटच हवा. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं, मागे बसणाऱ्यालाही.

रांग कशी लावायची

घाटात गटामुळे होणारे बहुतेक अपघात एकाच कारणाने होतात: मागचा पुढच्याला गाठायला जातो. लीड, म्हणजे सगळ्यांत पुढचा, हेअरपिनमधून (जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणातून) ताशी २० ने जातो, बाहेर पडताच ४५ पकडतो. त्या वेळी मागचे चौघे अजून वळणाच्या अलीकडे २० वरच असतात. अंतर वाढतं, आणि आठव्या गाडीला ते भरून काढायला ६० ने पळावं लागतं, तेही पुढच्या वळणात. लीडला हे कळतही नाही, कारण तो स्वतः आरामात चाललेला असतो. म्हणून वळणातून बाहेर आल्यावर आरशात किमान तीन दिवे दिसेपर्यंत लीडने वेग वाढवायचा नाही.

क्रम असा: लीड, त्याच्यामागे सगळ्यांत नवखा किंवा सगळ्यांत हळू (इथे अ‍ॅक्टिव्हा), मग मागे माणूस असलेल्या गाड्या, मग सरावलेले, आणि शेवटी स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा. हळू चालवणाऱ्याला शेवटी ठेवायची सवय बऱ्याच गटांना आहे, आणि ती चुकीची आहे. त्याचा वेग हाच गटाचा वेग. ज्याला हे जमत नाही त्याने वेगळं यावं, त्यात रुसण्यासारखं काही नाही.

सरळ रस्त्यावर झिगझॅग रांग चालते, म्हणजे तिरक्या गाडीपासून एक सेकंदाचं अंतर आणि नाकासमोरच्या गाडीपासून दोन. घाटाचा पहिला फलक दिसला की एकेरी रांग, किमान तीन सेकंद अंतर, ओल्यात चार-पाच. एकेरी कशासाठी? वळणात प्रत्येकाला आपल्या लेनची पूर्ण रुंदी लागते. शेजारी तिरकी गाडी असेल तर खड्डा चुकवायला जागाच उरत नाही.

चुकामूक टाळायला ब्लूटूथ इंटरकॉमपेक्षा एक नियम भारी पडतो: फाट्यावर मागचा दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एका गाडीची जबाबदारी घ्यायची. मागचा थांबला की साखळीने लीडपर्यंत सगळे थांबतात, फोनला रेंज असो वा नसो.

ताम्हिणी

पौडला टाकी भरा; पुढे माणगावपर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. मुळशी धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता छान वळत जातो, आणि इथेच लोक गाफील होतात. डोंगरवाडीच्या पुढे उतार लागला की खरा त्रास वळणांचा नसतो, माणसांचा असतो. शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, दारं रस्त्याच्या बाजूला उघडतात, सेल्फी काढणारे मागे सरकत डांबरावर येतात. साडेपाचला पुणे सोडलं तर ही गर्दी व्हायच्या आत विळ्याला उतरता येतं.

सावलीतल्या वळणांना डांबराच्या कडेवर हिरवट शेवाळ धरलेलं असतं. सुकं दिसलं तरी निसरडंच. जिथे ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं तिथे गाडी सरळ ठेवायची, ब्रेक आधी मारून घ्यायचा, पाण्यात अ‍ॅक्सिलरेटर स्थिर. साइडपट्टी काही ठिकाणी डांबरापेक्षा चांगली चार-सहा इंच खाली आहे. चाक खाली गेलं तर लगेच वर ओढू नका. टायर कडेला घासत राहतो आणि गाडी आडवी होते. वेग कमी करा, मग मोठ्या कोनात वर या.

माणगाव ते पोलादपूर मुंबई-गोवा महामार्ग. त्यात सांगण्यासारखं फार नाही. माणगावच्या बाजारपेठेत कोंडी होते, तिथे गट मोडू द्या आणि गाव संपल्यावर जमा.

आंबेनळी

पोलादपूरला डावीकडे वळायचं. सरळ गेलात तर कशेडी घाट आणि खेड. वळण्याआधी थांबून दोन कामं करा: पेट्रोल भरा आणि घाट चालू आहे का ते विचारा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा रस्ता ठिकठिकाणी खचला, वाहून गेला आणि बरेच दिवस बंद होता. पावसाळ्यात दरड आली की आजही तो थांबतो. महाड-भोर रस्त्यावरच्या वरंध घाटाचा पर्याय मनात असेल तर तो पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंदच असतो, हेही धरून चाला.

साधारण ४० किलोमीटर चढ. वाड्याच्या आसपास प्रतापगडाचा फाटा लागतो, सुट्टीच्या दिवशी तिथून वर गाड्या वाढतात. या घाटात नजर ठेवायची ती रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकत्र आलेल्या दिसतात त्या बिंदूवर. तो बिंदू पुढे पळतोय म्हणजे वळण उघडतंय, वेग ठीक आहे. तो जागेवर थांबला किंवा जवळ यायला लागला, तर वळण आवळतंय. वेग लगेच कमी करा. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघून वळण घेणाऱ्याला हे काहीच दिसत नाही. पुढचा चुकला की तोही त्याच कठड्यात.

उजव्या वळणात गाडी रस्त्याच्या मधोमध झुकते. टायर आपल्या लेनमध्ये असतो, पण डोकं आणि हँडल पलीकडे गेलेलं असतं. म्हणून मधल्या पट्ट्यापासून चांगलं अंतर ठेवून वळायचं. डाव्या वळणात उलट धोका: कडेला चिकटून वळलं तर पावसाने आणलेली खडी नेमकी तिथेच साचलेली असते. शिवाय हेअरपिनवर डिझेल सांडलेलं असू शकतं. काठोकाठ भरलेल्या टाकीतून वळणावर ते हिंदकळतं. ओल्या डांबरावर इंद्रधनुषी तवंग दिसला किंवा वास आला तर गाडी न झुकवता पार व्हा.

चढाच्या हेअरपिनला गाड्या पडतात त्या वेगाने नाही, बंद पडून. तिसऱ्या गिअरमध्ये शिरलं की इंजिन दम तोडतं, गाडी आतल्या बाजूला कलते आणि तिकडे पाय टेकवायला जमीन खोल असते. वळणाआधीच पहिला किंवा दुसरा टाका आणि वळणात नजर बाहेर पडायच्या टोकाकडे.

एसटीला हेअरपिनवर पूर्ण रस्ता लागतो. हॉर्न ऐकू आला की वळणात शिरू नका, अलीकडे डावीकडे थांबा. अरुंद चढावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा नियम आहे. पण तो बस पाळेलच असं धरून चालू नका. बसच्या किंवा ट्रकच्या मागे चढावर थांबताना एका गाडीची जागा सोडा, सुटताना ते मागे येतात.

ओव्हरटेक हा प्रत्येकाचा स्वतंत्र निर्णय. लीड पुढे गेला म्हणजे दुसऱ्याला रस्ता मोकळा आहे असं नाही. तेवढ्यात समोरून जीप आलेली असते. हात हलवून ‘ये, ये’ म्हणायचं बंदच करा. लीडचं काम एवढंच, की ट्रक ओलांडल्यावर लगेच ब्रेक न मारता मागच्याला शिरायला जागा करून ठेवायची.

वर, आणि खाली

महाबळेश्वरच्या अलीकडे धुकं लागलं तर लो बीम. हाय बीम धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. कडेचा पांढरा पट्टा धरून चला.

थांबताना वळणावर कधीच नाही, आणि आठ गाड्या पूर्ण डांबराबाहेर मावतील अशीच जागा. उतारावर गाडीचं तोंड चढाकडे, पहिल्या गिअरमध्ये, साइडस्टँडवर. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. ओल्या मुरुमात स्टँडखाली चपटा दगड.

पसरणी उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे दुसरा-तिसरा. दोन्ही ब्रेक वळणाआधी, ठामपणे, आणि मग सोडून द्यायचे. मागचा ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो आणि धरेनासा होतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून चावी बंद करणारे या घाटात आजही दिसतात. इंजिनाचा ब्रेक गेला, हॉर्न गेला, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तेही गेलं. अ‍ॅक्टिव्हाला मुळात इंजिन-ब्रेक कमी, आणि वेग पडला की क्लच सुटतो व गाडी मोकळी धावते. तिला दर तीन-चार किलोमीटरला दोन मिनिटं थांबवणं बरं. लिव्हर मऊ लागला किंवा जळका वास आला तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका.

एक गोष्ट सहज लक्षात येत नाही: संध्याकाळी पूर्वेकडे उतरताना ऊन आपल्या पाठीवर असतं, आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं. समोरून चढणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र तेच ऊन असतं, त्याला आपण दिसत नाही. आणि माकडांना खाऊ द्यायला थांबलेल्या मोटारी वळणावरच असतात.

कोणी पडलंच, तर सर्वांत आधी स्वीपने वळणाच्या मागे पन्नासेक मीटरवर गाडी उभी करून वाहतूक थांबवायची. माणूस श्वास घेत असेल तर हेल्मेट काढू नका, उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. ताम्हिणी आणि आंबेनळीत मोठ्या पट्ट्यात रेंज नाही, म्हणून एका गाडीला जवळच्या गावाकडे पाठवायचं. कोण जाईल हे सकाळीच ठरलेलं असावं. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४ अ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलं आहे, त्यामुळे घाबरून निघून जायचं कारण नाही.

वाईहून सुरूरला महामार्ग. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, आणि बोगद्यातून बाहेर पडताच उतारावर इंग्रजी एससारखं वळण. इथे ट्रक उलटतात. बोगद्यातच वेग कमी करा. गट खेड शिवापूरलाच मोडा. त्यापुढे नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, ब्रेक निकामी झालेले ट्रक समोरच्या वाहनांवर आदळल्याच्या घटना तिथे वारंवार घडल्या आहेत. तिथे रांग धरून चालण्याला अर्थ नाही. प्रत्येकाने डावीकडून, आरशात बघत, अवजड गाडीच्या पुढ्यात न राहता आपापलं उतरावं, आणि घरी पोचल्यावर स्वीपला कळवावं.