आमची वाटचाल : आठ सीटची गाडी आणि मूलिनचा पब

आई-बाबांना गाडीतून स्कॉटलंड फिरवायचा आमचा धंदा सुरू झाला तो सासऱ्यांच्या एका टोमण्यावर. २०१३ च्या जूनमध्ये मामा-मामी साताऱ्याहून आमच्याकडे डनफर्मलिनला आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आम्ही नवरा-बायको सकाळी आठला घर सोडायचो ते संध्याकाळी सहाला परत. तिसऱ्या आठवड्यात मामा चहा पिता पिता म्हणाले, "जावईबापू, तुमचा सोफा छानच आहे. पण तो व्हिडिओ कॉलवर दिसत होताच की."

त्या शनिवारी मी त्यांना गाडीत घालून उत्तरेला नेलं. पुढच्या शनिवारी मित्राचे आई-वडीलही बरोबर आले. मग कळलं, की एडिनबरा, लिव्हिंगस्टन, डनफर्मलिन, जिथे जिथे मराठी घर आहे तिथे जून ते सप्टेंबर एक आई आणि एक बाबा खिडकीत बसलेले असतात. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि बस कुठली पकडायची ते माहीत नाही. २०१५ मध्ये माझं आयटीतलं कंत्राट संपलं तेव्हा नवी नोकरी शोधण्याऐवजी मी एक जुनी व्हॉक्सहॉल व्हिवारो घेतली. प्रवाशांच्या सीट आठ. यात धंद्याचा काही थोर विचार नव्हता. आठपर्यंत कौन्सिलचा प्रायव्हेट हायर परवाना चालतो. नववा माणूस बसवायचा तर वेगळं ऑपरेटर लायसन्स आणि वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट. आठ हा आकडा कायद्याने दिला, आम्ही तो नमस्कार करून घेतला.

पहिलं वर्ष मी पाहुण्यांचे हाल केले. एका दिवसात अकरा ठिकाणं! लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल, अशी माझी समजूत. किल्ला, तळं, पूल, दुसरं तळं, गायी. ठाण्याच्या एक बाई परतताना शांतपणे म्हणाल्या, "अहो, आम्ही स्कॉटलंड पाहिलं की स्कॉटलंडमधली स्वच्छतागृहं, तेवढं सांगा. घरी विचारतील."

या अकरा ठिकाणांत पब एकही नव्हता, हे मुद्दाम सांगतो. आमच्या पाहुण्यांचं सरासरी वय पासष्ट, निम्मे शाकाहारी, काकूंचे गुरुवार-शनिवार. आणि पब म्हटलं की माझ्याही डोळ्यांपुढे गावाकडची परमिट रूमच यायची. काळ्या काचेचं दार, ओली फरशी, ताटलीत शेंगदाणे. तिथे कुणाच्या आईला कसं न्यायचं?

न्यावं लागलं. २०१६ चा ऑक्टोबर. किलीक्रँकीची दरी दाखवून परत निघालो, तर पुढे अपघात होऊन ए-नाइन रस्ता बंद. पाऊस असा की वायपर हरले. गाडीत चार काकू, दोन काका, आणि सगळ्यांना 'जायचं' होतं. मी पिटलॉक्री गावातून वर वळलो. मैलभर चढावर मूलिन नावाचं टीचभर गाव आहे. चर्च, पांढऱ्या भिंतींची चार घरं आणि चौकात जुनी खानावळ. खानावळ १६९५ पासूनची. सिंधुदुर्गच्या बांधकामानंतर तीसेक वर्षांनी, असं मी आमच्या लोकांना सांगतो, म्हणजे लगेच अंदाज येतो. पूर्वी गाव म्हणजे मूलिनच. पिटलॉक्रीला फारसं कुणी ओळखत नव्हतं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जनरल वेडने लष्करी रस्ता खालून काढला, १८६३ मध्ये रेल्वेही खालूनच गेली, आणि वस्ती रस्त्यामागे खाली सरकली. वरचं गाव तसंच राहिलं. नव्या हायवेमुळे ओस पडलेले जुने एसटी थांबे ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त समजावावं लागत नाही.

"मी काही दारूच्या दुकानात पाऊल टाकणार नाही," साताऱ्याच्या काकूंनी गाडीतच जाहीर केलं. पाच मिनिटांनी त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या. आत दगडी भिंती, बुटक्या तुळया, शेकोटीत जळणारी लाकडं. कोपऱ्यात एक आजी नातवाला मटार भरवत होत्या, टेबलाखाली ओला कुत्रा घोरत होता. काकूंनी शेकोटीजवळची खुर्ची पकडली, मोजे काढून वाळत घातले आणि म्हणाल्या, "हे तर घरच आहे कुणाचं तरी."

मग आम्ही वेटरची वाट बघत बसलो. वीस मिनिटं. कुणी फिरकेना. एक काका आता रंगावरून भेदभाव होतोय का, असं कुजबुजायला लागले होते, तेवढ्यात बारमागच्या पोराने हसून हाक मारली, "इथे यावं लागतं हो!" स्कॉटलंडच्या खेड्यातल्या पबात ऑर्डर बारपाशी जाऊन द्यायची, पैसे तिथेच मोजायचे, ग्लास आपला आपण उचलून आणायचा. आता मी हे गाडीत बसवतानाच सांगतो.

त्या दिवशी आम्ही तिथे पावणेतीन तास होतो. उरलेली सगळी ठिकाणं बोंबलली. संध्याकाळी सहाच्या सहा घरांतून फोन आले की आई-बाबा फार खूश आहेत. किल्ल्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं, मोजे वाळत घातल्याचं सगळ्यांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी यादीतली सात ठिकाणं खोडली.

मूलिनला जायचं खरं कारण मला नंतर कळलं. ही मंडळी आपली एल, म्हणजे जुन्या पद्धतीची बिअर, स्वतः बनवतात. खानावळीला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, शेजारच्या जुन्या कोच हाउसमध्ये, जिथे पूर्वी घोडागाड्या उभ्या राहायच्या तिथे, त्यांनी छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, घातली. एलची नावं मजेशीर आहेत : एल ऑफ अथॉल, ब्रेव्हहार्ट, लाइट आणि ओल्ड रेमेडियल. शेवटच्या नावाचा अर्थ सांगितल्यावर आमच्या एका काकांनी तिचं नाव 'जुना काढा' ठेवलं आणि गाडीत तेच रूढ झालं.

कास्कमधली, म्हणजे पिंपातली, एल पहिल्यांदा पिणाऱ्या आपल्या माणसाची तक्रार ठरलेली असते : बिअर गरम आहे आणि फेस नाही. तिचं खरं असं, की पिंपात भरली तरी ती जिवंत असते. आत यीस्टचं काम चालूच असतं, वरून गॅस मारत नाहीत, गाळून मारूनही टाकत नाहीत. तळघरात साधारण अकरा ते तेरा अंशांवर ठेवायची आणि बारवरच्या लांब दांड्याने हाताने ओढून ग्लासात घ्यायची. पोरगा दांडा ओढतो ते बघण्यासारखं असतं. आपल्याकडच्या हापशाची उलटी चाल : वरून खाली दाबायचा नाही, उभा दांडा आपल्याकडे सावकाश ओढायचा, दोन-तीन ओढींत पाइंट भरतो. ग्लासात आधी सगळं गढूळ, दुधाळ दिसतं. मग तळापासून वर हळूहळू तांबूस, स्वच्छ होत जातं. आमची मंडळी ग्लासाकडे टक लावून बसतात. सोलापूरचे एक डॉक्टर म्हणाले होते, "एक्स-रे धुताना फिल्मवर चित्र यायचं तसं."

पाइंट म्हणजे ५६८ मिली, आपल्या माणसाला झेपत नाही. मी सांगतो, हाफ घ्या, किंवा आधी घोटभर चव मागा. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. न पिणाऱ्यांसाठी सूप असतं, चहा असतो, बटाटे तर असतातच. हॅगिस बघून कोल्हापूरचे पाहुणे "अरे ही तर वजडीची धाकटी बहीण!" म्हणतात. काळीज, फुप्फुस, ओटचा भरडा हे ऐकून त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. पुण्याचे पाहुणे शाकाहारी हॅगिस आहे का विचारतात. बऱ्याच ठिकाणी असतं.

मी स्वतः मात्र लिंबू-सोडा. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा शंभर मिलीला ऐंशी मिलिग्रॅमवरून पन्नासवर आणली. इंग्लंडने तेव्हा ऐंशीच ठेवली. पण आमचा नियम शून्याचा. सात-आठ वर्षांत त्या बारपाशी मी शेकड्याने उभा राहिलो असेन, आणि एलचं सगळं ज्ञान मला दुसऱ्यांच्या तोंडून मिळालं.

त्यातलं बरंचसं काकूंच्या तोंडून. एका फेरीत ब्रूइंगचा दिवस होता. दारातूनच वास आला, दुधात कालवलेल्या सातूच्या पिठासारखा. ब्रुअरने बाहेर येऊन मूठभर माल्ट प्रत्येकाच्या हातावर ठेवलं. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं : बार्ली भिजवतात, मग अंकुरित होऊ देतात, मग… नाशिकच्या एका काकूंनी दाणा दाढेखाली धरला आणि मला थांबवलं. "मोड आणून वाळवलंय. गोड लागतंय बघा. आम्ही नाचणीचं सत्त्व करतो ते काय वेगळं?" मी हे ब्रुअरला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, अगदी बरोबर, आता हे भरडून गरम पाण्यात तास-दीड तास ठेवायचं, म्हणजे पिठूळपणाची साखर होते. पाणी किती गरम, काकूंनी विचारलं. पासष्ट-सदुसष्ट अंश. "म्हणजे बोट घालवणार नाही इतपत." मग यीस्ट कुठून आणता? एका घाण्यातलं काढून पुढच्याला वापरता येतं, असं तो म्हणाला. "विरजण," काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. उरलेला चोथा गुरांना जातो हेही त्यांनी विचारून घेतलं. तेव्हापासून माझ्या भाषणात बार्ली अंकुरित होत नाही, तिला मोड येतात.

सगळंच असं गोड झालं नाही. २०१७ मध्ये मी एका जैन कुटुंबाला छातीठोकपणे सांगितलं, की एलमध्ये धान्य, पाणी, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि यीस्ट, दुसरं काही नाही. दुसऱ्याच एका पबात त्यांच्यातल्या बापलेकांनी हाफ घेतला. महिनाभराने मला कळलं, की पारंपरिक कास्क एल निवळावी म्हणून तिच्यात पुष्कळदा आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. दोन दिवस झोप लागली नाही. मग फोन केला, सांगितलं, माफी मागितली, पैसे परत देऊ केले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण पुन्हा कधी आलेही नाहीत, आणि ते योग्यच होतं. आता प्रत्येक पबला आदल्या दिवशी फोन करून विचारतो, निवळ घातलीय का, कशाची? हल्ली न निवळलेली एलही मिळते. हाच किस्सा मी गाडीत सांगितला तेव्हा पालघरचे एक काका उडालेच : "म्हणजे घोळीचं भोत! आमच्याकडे त्याच्यासाठी लिलावात मारामारी असते, आणि हे लोक बिअरमध्ये टाकतात?"

मग आम्ही मोठे व्हायला गेलो.

२०१८ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या टूर कंपनीने विचारलं, तुमचा तो पब आमच्या बसला दाखवाल का? बस पंचेचाळीस जणांची, वेळ चाळीस मिनिटं. मी हो म्हणालो, कारण आकडा मोठा होता. तो पब मूलिन नव्हे, त्यांच्या वाटेवरचा दुसरा होता, तितकाच लहान. पंचेचाळीस माणसं एकदम बारपाशी, पंचेचाळीस कार्डं, एक पोरगी. नेहमीची गिऱ्हाइकं ग्लास घेऊन पावसात बाहेर जाऊन उभी राहिली. निम्म्या लोकांना काहीच मिळालं नाही. मालकीणबाई मला ओरडल्या नाहीत. त्यांनी तळघरात नेऊन एक पिंप दाखवलं. त्या म्हणाल्या, याला फर्किन म्हणतात, नऊ गॅलन, बहात्तर पाइंट. उघडलं की तीन-चार दिवसांत संपलं पाहिजे, नाहीतर आंबतं. म्हणून आम्ही खपेल तेवढंच उघडतो. तुमची बस आली तर मी दोन जास्त उघडीन, आणि ती पुढच्या आठवड्यात नाही आली तर ओतून देईन. त्या कंपनीकडून पैसे मिळायला सात महिने लागले, ते वेगळंच.

एवढं ऐकूनही शहाणपण आलं म्हणाल तर नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मी मिनीबस चालवायची डी-वन परीक्षा पास होऊन, ऑपरेटर लायसन्स काढून, कर्जावर सोळा सीटची बस घेतली. २० मार्च २०२० च्या रात्री देशभरातले पब बंद झाले. बस घरापुढे उभी राहिली. तिच्या छपरावर शेवाळ चढलं, हप्ता मात्र दर महिन्याला ताजा. त्या दिवसांत बायकोने डबे सुरू केले आणि मी ते व्हिवारोतून पोचवायचो. आमची फर्म टिकली ती वरण-भात आणि बटाट्याच्या भाजीवर, पर्यटनावर नव्हे. ऑगस्टमध्ये तोट्यात बस विकली. स्कॉटलंडमधले पब १५ जुलैला आतून उघडले होते, पण आमचे आई-बाबा यायला २०२२ चा उन्हाळा उजाडावा लागला.

आता गाडी एकच, सीट आठ. दिवसाला चार ठिकाणं, त्यातला दोन तासांचा मुक्काम मूलिनला. ज्यांचे पाय चालतात त्यांना मी बेन व्रॅकीच्या वाटेवर थोडं वर नेतो. डोंगर ८४१ मीटर, आम्ही पहिल्या रानापर्यंतच. बाकीचे शेकोटीजवळ. मे ते सप्टेंबरच्या तारखा बहुधा मार्चमध्येच भरतात. चुलतभाऊ म्हणतो दुसरी गाडी घे, मी चालवतो. बायको वही मिटते आणि स्वयंपाकघरात जाते.

गेल्या फेब्रुवारीत लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं पहिल्यांदाच ट्रेनने पिटलॉक्रीला गेलो आणि चढाव चालत मूलिनला पोचलो. ड्रायव्हिंग नाही. बारपाशी गेलो, तोंड उघडायच्या आत समोर लिंबू-सोडा ठेवलेला. तो मी बायकोला दिला आणि एल ऑफ अथॉल मागितली. पोरगा दोनदा विचारून खात्री करून घेत होता.

मामांना मूलिनला नेलं होतं तेव्हा, २०१७ मध्ये, त्यांच्यासाठी एक बाटली घेतली होती तीही एल ऑफ अथॉलचीच. साताऱ्याला शोकेसमध्ये आहे, नातीच्या ट्रॉफ्यांच्या शेजारी, अजून बंद. तारीख कधीच उलटून गेली. आता उघडू नका, असं मी प्रत्येक फोनवर सांगतो. ते म्हणतात, उघडतोय कोण, मूलिनच्या त्या दुपारी तुझ्या मामींनी माझ्या हाफमधला अर्धा संपवला होता, त्याचा पुरावा म्हणून ठेवलीय.