इतर हक्कात

दादाने हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभी होते. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना, मोबदला न घेता.’ वय एक वर्षाने कमी लिहिलं होतं, तेवढाच फायदा.

जमीन वाईजवळ, ऊस आणि हळदीची. पणजोबांपासून चालत आलेली. आम्ही तीन भावंडं. माझं लग्न 1992 चं, धाकटीचं 1996 चं. एरवी कोण लक्षात ठेवतं ही सालं? पण महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, तो त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. एकाच आईच्या पोटच्या दोघी, त्यातली धाकटी आत आणि मी उंबऱ्याबाहेर. वारस म्हणून आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, वाट्यातला तुकडा मिळाला असता, पण दादाचा जन्माचा वाटा आधी बाजूला काढून.

मग हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, 9 सप्टेंबर 2005 पासून. लग्नाची अट गेली. पण आबा 2003 सालीच गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती खटल्यात म्हटलं, त्या तारखेला बाप हयात हवा. पुन्हा बाहेर. पुढे 2018 मध्ये दनम्मा खटल्यात वडील 2001 सालीच वारलेले असूनही मुलींना वाटा मिळाला. दोन्ही पीठं दोन-दोन न्यायमूर्तींची. खालच्या कोर्टांनी कुणाचं ऐकायचं?

तो गुंता 11 ऑगस्ट 2020 ला विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालाने सोडवला. न्या. अरुण मिश्रा, अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह. शंभरावर पानं मी मोबाइलवर डोळे दुखेस्तोवर वाचली. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे एका जागी थबकलेच. अख्खा निकाल ज्यावर उभा आहे ती कल्पना विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथातली आहे: अप्रतिबंध दाय, म्हणजे अडसराविना मिळणारा वारसा. भावाची किंवा पुतण्याची मालमत्ता मिळायची तर मालकाला मूलबाळ नसावं लागतं, तो मरावा लागतो. तो सप्रतिबंध दाय. बापाकडच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र जन्मताच हक्क, मध्ये अडसर कसला नाही. हक्क जन्माने येतो, तर बाप कधी गेला याला महत्त्व कुठून? मुलगी 2005 च्या त्या दिवशी हयात असली की झालं. अकराव्या-बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला हा पंडित माझ्या बाजूने साक्षीला उभा राहील असं वाटलं नव्हतं. त्याने हे मुलग्यांसाठी लिहिलं होतं, हे मान्य.

त्याच निकालातलं ‘मुलगा बायको येईपर्यंत मुलगा, मुलगी जन्मभर मुलगी’ अशा अर्थाचं वाक्य सगळीकडे फिरलं. मला ते पटलं नाही. आईचं शेवटचं आजारपण दादा-वहिनीनेच काढलं. माझा हक्क मी चांगली मुलगी असण्यावर नको आहे.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “आबांनी बांधावर उभं राहून सगळं मला वाटून दिलं होतं, तुला ठाऊक नाही.” ठाऊक नव्हतंच. पण 20 डिसेंबर 2004 आधीची वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली असेल तर ती मोडत नाही, एवढं वाचलं होतं. नुसती तोंडी असेल तर ती अपवादानेच मान्य, तीही सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर. आणि आबा जाईपर्यंत सातबारा आबांच्याच नावावर होता. हे मी त्याला मास्तरणीच्या आवाजात सांगितलं, याचं नंतर वाईट वाटलं.

महिनाभर फोन नाही. मग एका रविवारी तो स्वतः आला, पिशवीत यंदाची हळद घेऊन. चहा झाल्यावर म्हणाला, “तलाठ्याकडे कधी जायचं सांग.”

2003 च्या वारसनोंदीत आम्हा बहिणींची नावं सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात पडली होती. ती आता कब्जेदाराच्या, म्हणजे मालकांच्या, रकान्यात घ्यायची. पण जुन्या नोंदीत माझं नाव माहेरचं आणि आधार कार्डावर सासरचं. या दोन बायका एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलंय. बुधवारी जातेय.