ते पुस्तक रद्दीत गेलं नाही

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी बालविभाग सांभाळते. एका शनिवारी देणगीच्या खोक्यातून 'लिटल ब्लॅक सॅम्बो' या मुलांच्या चित्रगोष्टीची जुनी अमेरिकन आवृत्ती निघाली. बटबटीत डोळे, लालभडक जाड ओठ. काळ्या माणसाच्या चेहऱ्याची नुसती विटंबना. सहकारी म्हणाली, "सरळ रद्दीत टाक."

मूळ पुस्तक 1899चं. लेखिका हेलन बॅनरमन भारतात राहिलेली. नवरा काही वर्षं मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेचा, म्हणजे आजच्या परळच्या हाफकिनचा, प्रमुख होता. म्हणून तर गोष्टीत झाडाभोवती पळता पळता वाघांचं वितळून तूप होतं! चित्रं तिचीही थट्टेखोरच, पण पाच पौंडांत हक्क विकल्यावर अमेरिकन प्रकाशकांनी मनाला येईल तशी चित्रं छापली. त्यावर गोरी मुलं हसायची आणि काळ्या मुलांच्या काळजाला घरं पडायची. कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज यांनी 1932मध्येच हे लिहून ठेवलंय.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक कृष्णवर्णीय आजी जवळच बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक मागून घेतलं. डोक्याला फडकं बांधलेल्या सॅम्बोच्या आईच्या चित्रावर त्यांचा अंगठा थांबला. "आमच्या बाई हे वर्गात वाचायच्या. मग पोरं मला याच नावाने चिडवायची. माझ्या मुलीला वाटतं, मी वाढवून सांगते. तुम्ही हे फेकलंत तर मी तिला दाखवू काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नसावंच. ज्यांनी सोसलं त्यांच्या हातातला पुरावा आपल्याला बघवत नाही म्हणून आपण का नष्ट करायचा? सहकारीचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. ते पान पाहून तिच्या पोटात कालवलं होतं, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती ते मुळीच पडू नये. पण वाट निघते. 2020मध्ये एचबीओ मॅक्स या ओटीटी सेवेने 'गॉन विथ द विंड' हा जुना चित्रपट काढून टाकला आणि काही दिवसांतच चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांच्या प्रस्तावनेसह परत आणला. गुलामगिरीला त्या चित्रपटाने कसं गोंडस रूप दिलं, ते प्रेक्षकाला आधी कळतं.

आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी पुस्तक संदर्भ विभागात गेलं, आत दीड पानी टिपण चिकटवून. मोठ्यांनी मागितलं की मी काढून देते. मुलांना वाघांची गोष्टच हवी असेल तर 1996चं 'लिटल बाबाजी' आहे: गोष्ट तीच, नावं आणि चित्रं भारतीय.