तुम्ही विचारलंत म्हणून: पानांआडचा नवरंग एडिटिंगने किती उजळतो?

फांद्यापानांत अर्धा लपलेला पक्षी एडिटिंगने ‘बाहेर’ काढता येतो का, असं बरेच जण विचारतात. बऱ्याचदा येतो, पण मेहनत पक्ष्यावर कमी आणि भोवतालच्या पानांवर जास्त करावी लागते.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग (इंडियन पिट्टा) हा पक्षीच घ्या. झुडपाखाली अंधार, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, वरून पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड आणि पुढे दोन-चार काटक्या. आधी १०० टक्के झूम करून डोळा पाहा. त्यावरून काटकी गेली असेल किंवा फोकस पुढच्या पानावर बसला असेल, तर फाइल सोडून द्या. छातीवरून किंवा शेपटीवरून काटकी गेलेली चालते. झुडपातला पक्षी दिसतोच तसा.

नॉइज (अंधारातल्या फोटोतले दाणे) रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ प्रक्रिया न केलेल्या फाइलवर, सुरुवातीलाच काढा, नाहीतर पुढे शार्पनिंग केल्यावर दाणेही धारदार होतात. लाईटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एआय डीनॉइजला ३० ते ५० पुरे होतं. त्यापुढे पिसांचं प्लास्टिक होऊ लागतं. मग टिंट (हिरवा-मॅजेंटा समतोल) थोडा मॅजेंटाकडे न्या आणि नवरंगाचा पांढरा गळा पांढरा दिसू लागला की थांबा. पाठीचा हिरवा पाहून ठरवायला गेलात तर हमखास फसाल.

यानंतर सिलेक्ट सब्जेक्ट, म्हणजे मुख्य विषय आपोआप निवडणारं साधन. त्याने केलेली निवड, म्हणजे मास्क, पक्ष्यासोबत फांदीही उचलतो, कधी शेपूट अर्धवट सोडतो. ब्रशने वजाबाकी-बेरीज करावीच लागते. तोच मास्क उलटा केला की पानं हाती येतात. त्यांचा एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली, हायलाइट्स ४० ते ६० ने कमी, हिरव्या-पिवळ्याचं सॅच्युरेशन १५-२० ने कमी, क्लॅरिटी थोडी उणे. नजर उजळ पानाकडे आधी धावते, म्हणून त्याचा उजेड काढला की पक्ष्याला हात न लावताही तो पुढे येतो. मास्कची कड मात्र मऊ ठेवा, नाहीतर पक्ष्याभोवती उजळ रेघ उमटते आणि तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

नवरंगाचा खरा त्रास डोळ्याचा: काळ्या पट्ट्यात काळाभोर डोळा. शॅडोज ओढून तो दाखवायला गेलात तर पट्टा राखाडी होतो आणि पक्ष्याची ओळखच बिघडते. फक्त डोळ्यातल्या चमकेच्या ठिपक्यावर लहानसा ब्रश, एक्स्पोजर अधिक ०.४, एवढंच करा. फोटोत चमक नसेल तर ती रंगवू नका.

पुढच्या धूसर काटकीमुळे पक्ष्यावर दुधी डाग पडतो. त्या जागेपुरता डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) १० ते २० आणि ब्लॅक्स किंचित खाली नेल्यास डाग फिका होतो, पूर्ण जात नाही.

क्रॉपचा हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० फाइल दोन्ही बाजूंनी निम्मी केली की ६ मेगापिक्सेल उरतात. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १० इंच रुंद प्रिंट निघते. स्क्रीनसाठी हे भरपूर आहे.

अभिप्राय मागताना ‘कसा वाटला?’ विचारलंत की ‘सुंदर!’ मिळणार. त्याऐवजी मूळ आणि एडिट केलेला फोटो शेजारी ठेवा आणि विचारा: नजर पहिल्यांदा कुठे गेली? तिघांनी एकाच पानाकडे बोट दाखवलं, तर ते पान अजून मंद करायचं आहे. रंगांसाठी मात्र पक्षी ओळखणाऱ्यालाच विचारा. शेपटीखालचा लाल भडक झालाय, हे फोटोग्राफरपेक्षा तो आधी सांगेल. फोन ब्राइटनेस पूर्ण ठेवून पाहणाऱ्याचं ‘सावल्या जास्त उजळल्यात’ लगेच मनावर घेऊ नका.

‘ती काटकी उडवा’ हा सल्ला ठरलेला. पण पक्ष्यावरची काटकी काढली की तिच्यामागची पिसं सॉफ्टवेअर कल्पनेने भरतं. एफआयएपी (आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांच्या नियमांवर चालणाऱ्या स्पर्धांच्या नेचर विभागात तर फोटोतला कुठलाही घटक पुसायला मनाई आहे, मग काटकी पक्ष्यावर असो वा बाजूला. क्रॉप करून ती चौकटीबाहेर गेली तर हरकत नाही.